झिजलेला, थकलेला, म्हातारा: ग्रामोफोनचे बारीक भाग जुने घ्यावेत, नवे मागवावेत की नागपुरातच करवून घ्यावेत?

नागपुरात महाल भागातल्या एका काकूंच्या माळ्यावरून दिवाळीच्या साफसफाईत एचएमव्हीचा १०२ नंबरचा ग्रामोफोन खाली आला. काळी पेटी, झाकणात तबकड्या ठेवायची सोय, सुयांची डबी अजून अर्धी भरलेली. सासऱ्यांची वस्तू. चावी दिली की प्लेट फिरते, पण वरचा सूर लागला की आवाज फाटतो आणि तबकडी निम्म्यावर आली की गाणं दमल्यासारखं खाली उतरतं. काकूंनी मला फोन केला. "एक जण म्हणतो सगळे भाग ओरिजिनलच घाला, नाहीतर किंमत जाते. दुसरा म्हणतो इंग्लंडहून नवे मागवा. आणि हे म्हणतात, आपल्या हिंगण्याला कोणीही लेथवाला बनवून देईल. तू सांग बाबा, काय करू?"

फोनवर मी सांगितलं ते अर्धंमुर्धं होतं. हे पूर्ण उत्तर, काकूंसाठी आणि ज्यांच्या घरी असं यंत्र निघालंय त्या सगळ्यांसाठी. माझ्या टेबलावर सध्या दोन यंत्रं शेजारी शेजारी उघडी आहेत. एक काकूंचा १०२. दुसरं एका मित्राचं, त्याहून जुनं, अभ्रकाच्या पडद्याचा साउंडबॉक्स (सुईची थरथर आवाजात बदलणारी गोल डबी) असलेलं टेबलावरचं यंत्र. दोन्हींत प्रश्न तोच होता, उत्तर मात्र भागागणिक बदलत गेलं. फोनोग्राफ म्हटलं की एडिसनचं १८७७ चं, नळीवर आवाज कोरणारं यंत्र आठवतं. आपल्याकडे घरांत आला तो एमिल बर्लिनरच्या १८८७ च्या पेटंटातून वाढलेला सपाट तबकडीचा ग्रामोफोन, आणि पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी तपासा. चकचकीत पितळी कर्ण्याची, कुत्र्याचं चित्र चिकटवलेली जी यंत्रं बाजारात दिसतात, त्यांतली पुष्कळशी नव्या लाकडी खोक्यात जुन्या पोर्टेबलची मोटर बसवून केलेली असतात. कर्ण्याचा पत्रा पातळ, टोनआर्मचा, म्हणजे साउंडबॉक्स धरणाऱ्या पोकळ दांड्याचा सांधा बेढब, लाकडाला नव्या पॉलिशचा वास. अशा यंत्रात "ओरिजिनल भाग घालून किंमत राखणे" हा प्रश्नच उरत नाही. ते वाजतं ठेवा, आनंद घ्या, आणि जो भाग स्वस्तात बसेल तो बसवा. पुढची सगळी घासाघीस अस्सल यंत्रासाठी आहे.

तीन ढीग

भाग उघडल्यावर वर्तमानपत्रावर मी तीन ढीग करतो. पहिला झिजलेल्या भागांचा: पितळी बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी), गिअर, स्पिंडल, सुईचा दांडा ज्या टोकांवर डोलतो ती टोकं, स्क्रू. हे वापराने झिजतात. न वापरलेले असतील तर शंभर वर्षांनीही नव्यासारखे असतात. दुसरा थकलेल्यांचा: मेनस्प्रिंग (चावी दिली की गुंडाळली जाणारी पट्टी), वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या पट्ट्या. पोलादच ते, पण वर्षानुवर्षं वाकून वाकून दम गेलेलं. तिसरा म्हाताऱ्यांचा: रबर, ग्रीस, चामडं, आणि एका विशिष्ट जस्ती मिश्रधातूचे ओतीव भाग. यांना वापराशी देणंघेणं नाही. कपाटात कोरे ठेवले तरी यांचं वय होतं.

हा फरक डोक्यात बसला की "जुना की नवा" हे भांडण अर्धं मिटतं. झिजणाऱ्या भागासाठी दुसऱ्या यंत्रातून काढलेला जुना भाग उत्तम, कारण धातू तोच, माप तेच, आटे तेच. थकणाऱ्यासाठी नवा, मोजून मागवलेला. म्हाताऱ्यासाठी जुना माल कितीही सीलबंद असू दे, घेऊ नका. अपवाद आहेत, आणि तेच महत्त्वाचे आहेत.

रबर: इथे वाद नाही

साउंडबॉक्सात पडद्याच्या पुढे आणि मागे रबरी नळीची एकेक कडी असते, आणि साउंडबॉक्स टोनआर्मला जोडतात तिथे मागे एक रबरी चकती असते. पडदा या दोन कड्यांमध्ये नुसता तरंगत राहायला हवा. रबर कडक झालं की पडदा कडेला आवळला जातो, आणि वरच्या सुरांना तो मोकळेपणी हलू शकत नाही. काकूंच्या यंत्राचा फाटका आवाज म्हणजे नव्वद टक्के हेच, हे मी साउंडबॉक्स उघडायच्या आधीच सांगितलं होतं. उघडला तेव्हा कडी निघालीच नाही. लाकडी टूथपिकने उचलायला गेलो तर तिचे मारीच्या बिस्किटासारखे तुकडे पडले, आणि बोटांना तपकिरी भुगा लागला.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे लवकर होतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, माळ्यावर त्याहून जास्त, आणि रबराला उष्णता सोसत नाही. म्हणून मुंबईच्या चोरबाजारातून कुणी "जुना कोरा स्टॉक" म्हणून रबराच्या कड्या देत असेल तर त्या नकोत. परदेशातून तयार संच येतात, चांगले असतात, पण नळीच्या वीतभर तुकड्यासाठी टपालखर्च आणि कस्टम भरायचं का, हा प्रश्न आहे. मी भरत नाही. बारीक सिलिकॉनची नळी, बाहेरून साधारण अडीच ते तीन मिलिमीटर, लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानांत मीटरवर मिळते. जुन्या कडीच्या सगळ्यात कमी चपटलेल्या तुकड्यावरून जाडी मोजायची, खोबणीच्या आत नळी फिरवून नव्या ब्लेडने सरळ काप द्यायचा. दोन्ही टोकं एकमेकांना नुसती टेकली पाहिजेत. फट राहिली तर हवा गळते आणि खर्ज जातो, टोकं एकमेकांवर चढली तर पडदा तिथे दबतो आणि तुमचं सगळं काम वाया. मला पहिल्या साउंडबॉक्सला सात कड्या कापाव्या लागल्या होत्या. नळी स्वस्त आहे, कापत राहा.

मागची जाड रबरी चकती मात्र नळीसारखी सोपी नाही. ती साउंडबॉक्सच्या मॉडेलनुसार वेगळी असते, तिला कंगोरे असतात, आणि घरी कापून ती नीट होत नाही. ही एकच रबरी गोष्ट मी बाहेरून मागवतो.

पडदा: शक्यतो हलवू नका

इथे माझं मत उलटं आहे. पडदा म्हणजे यंत्राचा कंठ. जुन्या साउंडबॉक्सांत तो अभ्रकाचा, १०२ च्या पिढीत बहुधा ॲल्युमिनियमच्या पातळ, दाबून नक्षी उठवलेल्या पत्र्याचा. १९२५ चा १०१ घेतला तर त्यात अभ्रक, १९३१ पासूनच्या १०२ मध्ये धातू. दोन्हींचा आवाज वेगळा. अभ्रकाचा मध्यम सूर गोड आणि जरा नाकातला, धातूचा उघडा, खर्ज आणि टीप दोन्हीकडे लांब जाणारा. एकाचा पडदा दुसऱ्यात बसत नाही आणि बसवूही नये.

अभ्रक थरांचं असतं. वय झालं की थर सुटतात आणि आत चांदीसारखे डाग दिसतात. डाग आहेत म्हणून लगेच फेकू नका. मधल्या भोकापासून चीर गेलीय का ते बघा. चीर नसेल तर नव्या रबरानंतर तो पडदा छान बोलतो. मित्राच्या यंत्रात कडेला दोन रुपेरी ढग आहेत, आणि तरी नाट्यसंगीताच्या तबकडीवर ऑर्गनचा सूर असा भरून येतो की खोलीतली माणसं बोलायची थांबतात.

चीर असेल तर? जुन्या साउंडबॉक्सातून काढलेला पडदा मिळाला तर पहिली पसंती त्याला. दुसरी पसंती बाहेरून येणारे नवे कापलेले पारदर्शक अभ्रकाचे गोल. नागपुरात करवून घेण्याचा मोह होतो, कारण अभ्रक आपल्याच देशाचं. कोडरमा आणि नेल्लोरचं अभ्रक जगभर गेलं. पण इलेक्ट्रिकलच्या दुकानात इस्त्री आणि हीटरसाठी जे मिळतं ते बहुधा तुकडे चिकटवून केलेला तक्ता असतो. तो गोल कापता येतो, भोक पडतं, दिसतोही ठीक, पण आवाज ओल्या ढोलकीसारखा येतो. मधला चिकट पदार्थ सगळं शोषून घेतो. नखाने टिचकी मारा. एकसंध अभ्रक टणकन वाजतं, चिकटवलेलं थप्प करतं. धातूचा पडदा चेपला असेल तर बोटाने सरळ करायच्या भानगडीत पडू नका, त्याला जुन्यातलाच दुसरा शोधा.

आणि पडदा बदला किंवा नका बदलू, सुईचा दांडा पडद्याला जिथे स्क्रूने जोडला जातो तिथे मधमाशीच्या मेणाचा एक थेंब घालाच. तिथून हवा गळू नये म्हणून तो असतो. मेण ६२ ते ६४ अंशाला वितळतं, त्यामुळे असं यंत्र मे महिन्यात बंद गाडीत ठेवून बर्डीवर खरेदीला जाऊ नका.

फुगलेली चकती, म्हणजे मोठा अपवाद

ओरिजिनलचा आग्रह धरणाऱ्यांशी माझा खरा मतभेद इथे आहे. साउंडबॉक्सांच्या कित्येक मागच्या चकत्या आणि काही टोनआर्म जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात. कारागीर त्याला पॉट मेटल म्हणतात. जस्तात शिशाची भेसळ राहिली असेल तर हा धातू आतून कणाकणाने खंगतो, फुगतो, वाकतो, मग बारीक भेगा पडतात आणि शेवटी हातात तुकडा येतो. वेल्डिंग होत नाही, चिकटवलेला टिकत नाही. दुसऱ्या यंत्रातून काढलेला भाग घेतला तर तोही त्याच धातूचा, त्याच वयाचा. आज धड दिसेल, दोन उन्हाळ्यांनी तोही जाईल. पैसे देऊन तोच आजार घरी आणायचा.

मित्राच्या यंत्राची मागची चकती अशीच फुगली होती. ती घेऊन मी हिंगणा एमआयडीसीत एका लेथवर गेलो. कारागिराने कॅलिपर लावला, चकती हातात फिरवली आणि म्हणाला, "भाऊ, हे तर फुगून राहिलं. याचं माप घेऊन काय कराचं? हे जिथं बसते त्याचं माप द्या." मी गप्प झालो. इतकी वर्षं हे काम करतो, पण नमुना म्हणून बिघडलेला भागच पुढे करायची सवय लागली होती. दुसऱ्या दिवशी मी साउंडबॉक्सची पुढची पितळी कडा आणि टोनआर्मचं टोक, दोन्ही नेलं. त्याने त्यावरून इतवारीतल्या भांडे ओळीतून आणलेल्या पितळी गजाच्या तुकड्यावर चकती काढली, स्क्रूची भोकं जुन्या भागावरून न पाडता पुढच्या कडेवरून पाडली, आणि आतली धार हाताला लागणार नाही इतकी मोडली. ती बसली तेव्हा आवाज झाला नाही, नुसती हवा निघाल्यासारखं वाटलं. पितळ जड आहे हे खरं, तेवढं वजन तबकडीवर वाढतं, म्हणून मागून मधला भाग खोदून घ्यायला सांगितला. एवढं केलं तर ओरिजिनलपेक्षा ही चकती चांगली, असं मी बिनदिक्कत म्हणतो. फुगलेली जुनी चकती कागदात गुंडाळून, तारीख लिहून पेटीतच ठेवलीय. उद्या कुणाला यंत्र जसंच्या तसं संग्रहात ठेवायचं असेल तर ती त्याच्या हाताशी असावी.

मेनस्प्रिंग: घाई करू नका, आणि जाडी चुकवू नका

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. काकूंचं यंत्र निम्म्यावर दमतं म्हणून तिघांनी तीनदा सांगितलं, "स्प्रिंग गेली." मी आधी स्प्रिंगचा डबा उघडला. त्याआधी सांगून ठेवतो: स्प्रिंग पूर्ण उतरवल्याशिवाय मोटरीचा एकही स्क्रू सैल करू नका. तीन मीटरच्या आसपास लांबीची पोलादी पट्टी तळहाताएवढ्या डब्यात कोंबलेली असते. सुटली तर बोटं कापते. जाड चामड्याचे मोजे, अंगणात काम, पोरं लांब.

आत ग्रीस नव्हतं, डांबर होतं. जुनं ग्राफाइटचं ग्रीस वाळून पट्टीचे वेटोळे एकमेकांना चिकटले होते. ते चिकटून राहतात, मग एकदम सुटतात, आणि वाजवताना पेटीत धप् असा आवाज येतो. काकूंना तो आवाज "मोटर तुटतेय" वाटायचा. पट्टी रॉकेलने धुतली, चिंधीने पुसली, उन्हात वाळवली. मग वाकून बघितलं. जमिनीवर मोकळी ठेवल्यावर चांगली स्प्रिंग मोठा, ऐसपैस वेटोळा करते. थकलेली डब्याच्याच आकाराची घट्ट गुंडाळी होऊन बसते. काकूंची मधली होती. तुटलेली नाही, दम मात्र कमी. नव्या ग्रीसने तिला एक दहा इंची बाजू पूर्ण वाजवता येते, साधारण तीन मिनिटं. बारा इंचीला शेवटी चावी द्यावी लागते.

आता तुलना. दुसऱ्या यंत्रातून काढलेली स्प्रिंग कधीही घेऊ नका. ती तितकीच थकलेली असते आणि आत काय आहे ते फोटोत दिसत नाही. एकदा दुसऱ्या शहरातून मी पूर्ण मोटर मागवली होती, बाहेरून आरशासारखी. आत स्प्रिंगला मधोमध रिव्हेट मारून जोड दिला होता. दहा फेऱ्यांत सुटला.

स्थानिक करवून घेण्यात धोका वेगळा आहे. लोखंडी पॅकिंगची पट्टी दिसते स्प्रिंगसारखी, पण तिला स्प्रिंगचं पाणी दिलेलं नसतं. एकदा गुंडाळली की तशीच राहते. कुणी असा उपाय सुचवला तर नम्रपणे नको म्हणा. स्थानिक कारागिराचा खरा उपयोग टोकाला होतो. स्प्रिंग बहुतेकदा बाहेरच्या टोकाला, खिळ्यात अडकणाऱ्या भोकापाशी तुटते. तेवढं टोक लालबुंद तापवून हळू थंड करायचं, म्हणजे ते मऊ होतं, मग नवं भोक पाडायचं. चार-सहा इंच लांबी जाते, एखाद-दोन फेऱ्या कमी होतात, बाकी स्प्रिंग तीच. हे काम लोहारकाम जाणणारा कोणीही करू शकतो, फक्त पुढचा भाग ओल्या चिंधीत गुंडाळून गार ठेवायचा. मध्ये तुटली असेल तर दुरुस्ती नाही.

म्हणून नवी, बाहेरून आलेली. ती मागवताना चार गोष्टी मोजा: रुंदी, जाडी, लांबी आणि दोन्ही टोकांची पकड कशी आहे. रुंदी किंचित कमी चालेल, जास्त झाली तर झाकणाला घासते. जाडीत मात्र अजिबात सवलत नाही. पट्टीचा जोर जाडीच्या घनात वाढतो. म्हणजे ०.५ मिलिमीटरऐवजी ०.६ ची घेतली तर जाडी वाढली फक्त एक पंचमांश, जोर झाला पावणेदोन पटीच्या जवळ. मी एकदा "थोडी दणकट बरी" म्हणून अशी घेतली होती. चावी देताना मनगट भरून यायचं, डब्यात तिचे वेटोळे कमी बसले म्हणून फेऱ्या घटल्या, आणि चावीच्या रॅचेटचा, म्हणजे चावी उलटी फिरू न देणाऱ्या चाकाचा दात गेला. कॅलिपर नसेल तर जुनी पट्टी घेऊन घड्याळजीकडे जा, तो मोजून देईल.

काकूंना मी नवी स्प्रिंग आत्ताच मागवू नका असं सांगितलं. धुतलेली, ग्रीस दिलेली जुनी स्प्रिंग रोज एखादी तबकडी ऐकणाऱ्या घराला पुरते. मित्राच्या यंत्राला मात्र नवीच घातली, कारण तो बारा इंची तबकड्यांवर जीव टाकतो.

गव्हर्नर: तीन म्हणजे तीन

प्लेट मिनिटाला ७८ फेऱ्यांवर कायम राहते ती गव्हर्नरमुळे. तीन छोटी वजनं, प्रत्येक एका पातळ पट्टीवर. वेग वाढला की वजनं बाहेर झुकतात, चकती सरकते आणि चामड्याच्या तुकड्याला घासून वेग आवरते. पट्टी भेगाळली की सूर लहरतो. गायक तान घेतोय की यंत्र, कळेनासं होतं.

तीनपैकी एकच पट्टी तुटली असली तरी तिन्ही बदला, आणि एकाच जाडीच्या घाला. एक वजन लवकर झुकलं की सगळा दांडा थरथरतो. संच बाहेरून येतात आणि हलके असल्याने टपालाला परवडतात, म्हणून मी ती वाट धरतो. नागपुरात करायचंच असेल तर ऑटोच्या हत्यारांच्या दुकानातलं फीलर गेज घ्या. त्याच्या प्रत्येक पातीवर जाडी छापलेली असते, पोलाद चांगलं असतं. फक्त भोकं पाडायला जीव जातो, ड्रिल निसटतं. भोकाच्या कडेला बारीक चीर राहिली तर पट्टी तिथूनच जाते. हात बसलेला नसेल तर संच मागवा. जुन्या मोटरीतून काढलेल्या पट्ट्या नकोत, त्या थकलेल्यांच्या ढिगातल्या आहेत.

चामड्याचा तुकडा मात्र इथलाच उत्तम. पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करणाऱ्याकडे मऊ कमावलेलं चामडं आणि फेल्ट दोन्ही असतं. भात्यासाठी आणि पट्ट्यांखाली तो तेच वापरतो. नखाएवढा तुकडा, हलक्या तेलात भिजवून. कोरडा राहिला तर चरचर ऐकू येते.

वेग लावताना ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ७७ रेघांची स्ट्रोब चकती ठेवा. रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२, म्हणजे बरोबर. एलईडीखाली बऱ्याचदा रेघा दिसतच नाहीत. चोकवाली जुनी ट्यूबलाइट शोधा.

स्क्रू, गिअर, बाकी किडुकमिडुक

स्क्रू शक्यतो तेच ठेवा. इंग्लिश यंत्रांत बहुधा बीए, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे आटे असतात, आपल्या बाजारात मिळतात ते मेट्रिक. जवळच्या मापाचा मेट्रिक स्क्रू दोन फेऱ्या जातो, तिसऱ्याला जोर लावला की समोरचे आटे गेले. हरवला असेल तर जुन्या इंग्लिश मीटर-स्विचच्या भंगारात बघा, इतवारीत भंगारवाल्यांकडे अजून सापडतात. नाहीतर लेथवर करवून घ्या, पण भोकाचे आटे बदलू देऊ नका. नव्या भागाला कानस लावायला हरकत नाही, जुन्या यंत्राला लावायची नाही. एवढा एक नियम मी कुणासाठीही मोडत नाही.

झिजलेले बुश लेथवाला उत्तम करतो. गिअर जुन्यातला घ्या, दोन्ही बाजूंचे दात दिव्यासमोर धरून बघून. थ्री-डी प्रिंटवर गिअर करून देतो म्हणणारे भेटतात. सुयांच्या डबीचं झाकण, चावीच्या भोकाची कडी, एवढ्यासाठी ते ठीक. साध्या छपाईचं प्लास्टिक साठ अंशाच्या आसपास मऊ पडतं आणि दातांवर स्प्रिंगचा सगळा जोर येतो.

सुया जुन्या नकोत, डबी कितीही सुंदर असली तरी. तबकडी लाखेची असते, आपल्या पळसावर होणाऱ्या किड्याची लाख, आणि तिच्यात खनिजाची पूड मुद्दाम मिसळलेली असते. ती पूड सुईला खोबणीच्या आकारात घासून घेते. म्हणून पोलादी सुई एका बाजूला एक. दुसऱ्या बाजूला तीच लावली तर झिजलेली कड खोबणी खरवडते. आणि आपल्याकडे कूलरच्या दमट हवेत डबीतल्या सुयांना गंज चढतो. नव्या सुया अजून बनतात, शेकड्याने मिळतात, त्या मागवा आणि डबीत तांदळाचे दाणे टाकून ठेवा.

काकूंचा हिशोब

वेळ आणि पैसा यांचं बोलायचं तर: रबराची नळी, चामडं, मेण, ग्रीस हे सगळं दोन दिवसांत गावात मिळालं आणि एका चांगल्या जेवणाच्या खर्चात आलं. बाहेरून मागवायचं फक्त मागच्या रबरी चकतीचं पाकीट आणि सुया. एकत्र मागवल्या, म्हणजे टपाल एकदाच. पार्सल कस्टमला अडकलं तर तीन आठवडे जातात, तेवढा धीर ठेवा. लेथची गरज काकूंना पडलीच नाही, त्यांच्या साउंडबॉक्सची मागची धातूची चकती अजून सरळ आहे. दरवर्षी मे संपला की कॅलिपर लावून बघायची, एवढं ठरलंय. फुगायला लागली की हिंगणा.

किंमत जाईल का, हे त्यांनी परत विचारलं. विकायचंय का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, छे. मग पेटीचा रंग, निकेल, कुत्र्याचा शिक्का, ॲल्युमिनियमचा पडदा, मोटरचे गिअर, सगळं तेच आहे. बदललं ते तिसऱ्या ढिगातलं. जाणकार माणूस नव्या रबरासाठी पैसे कमी करत नाही, उलट वाजतं यंत्र बघून खुश होतो. विकायचं ठरलं तर काढलेले जुने तुकडे पाकिटात आहेतच, अगदी मारीच्या बिस्किटासारखा भुगाही.

गेल्या रविवारी साउंडबॉक्स जोडला. रबराची चकती अजून यायचीय, म्हणून तात्पुरती जुनीच बसवलीय आणि खर्ज थोडा गळतो. सासऱ्यांच्या तबकड्यांतली वरची, बालगंधर्वांची, लावली. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. बाजू संपल्यावर त्यांनीच सुई बदलली आणि विचारलं, "चकती आली की याहून चांगलं वाजेल?"

"वाजेल," म्हटलं. "खालचा सूर भरेल."